टेबल नंबर चार

मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ.
नेब्रास्कातल्या आमच्या गावात त्या वेळी
दिवे असतात ते मक्याच्या कोठारावर, मांसाच्या कारखान्यात
आणि कॉलेजच्या खोली एकशे बारामध्ये.
मी पंखा लावतो. वास जात नाही.
चौदा वर्षं झाली, बायको अजून म्हणते,
तो कोट बाहेरच काढ.

आज मेंढीचं हृदय.
बादलीतून एकेक उचलून ट्रेमध्ये ठेवतो,
करडं, घट्ट, उकडून गार झालेल्या बटाट्यासारखं.
हिबाक हिजाबची टोकं मागे खोचते.
वेस्ली, ज्याच्या घरी तीनशे गाई,
पांढराफटक पडून स्टूल शोधतो.
मला वाटलं होतं, मागची ती बारकी मुलगी पडेल.
दरवर्षी माझा अंदाज चुकतो.

टेबल नंबर चार: उबाल्दीना चोक.
वय एकेचाळीस, मूळची ग्वाटेमालाच्या डोंगरातली,
अकरा वर्षं कारखान्यात, खांदा सोडवायच्या जागेवर.
कुठून कापू, असं तिनं विचारलंच नाही.
पातं टेकवलं, जोर लावला नाही,
त्याला फक्त वाट दिली
आणि हृदय उघडलं, जुनं पाकीट उघडावं तसं.
मी फळ्यावर अजून बाण काढत होतो.

मग मात्र ती थांबली.
आत पांढरे तंतू, झडपेला खालून ताणून धरणारे.
चिमट्यानं तिनं एक उचलला, सोडला,
पुन्हा उचलला.
"हे कशाला असतं?"
झडप उलटी होऊ नये म्हणून, मी म्हणालो.
रक्त मागे फिरू नये, एवढंच यांचं काम.
"दिवसाला चार हजार जनावरं," ती म्हणाली,
"अकरा वर्षं.
कुणी बोललं नाही."

नवव्या आठवड्यात हात.
आमच्या प्लास्टिकच्या सांगाड्याच्या मनगटातलं
वाटाण्याएवढं एक हाड केव्हाच हरवलंय,
तिथे मी मातीची गोळी चिकटवलीय.
दाखवत होतो: या एवढ्याशा बोळातून
नऊ कंडरा जातात आणि एक मज्जातंतू.
सूज आली की आधी तो चेपतो.
मुंग्या येतात अंगठ्याला, पुढच्या दोन बोटांना,
आणि अनामिकेच्या अर्ध्याच कडेला.
उबाल्दीनानं पेन घेतलं,
स्वतःच्या उजव्या तळहातावर रेघ ओढत नेली
थेट अनामिकेच्या मधोमध.
"करंगळी नाही," ती म्हणाली.
"करंगळी नाही," मी म्हणालो.
कारखान्याची नर्स बर्फ देते. बर्फ आणि दोन गोळ्या.
रात्री दोनला उठून ती हात झटकते,
थर्मामीटर झटकावा तसा.
वर्गात कुणीच काही बोललं नाही.
हिबाकनं आपलं मनगट दाबून पाहिलं.

परीक्षा: तीस टाचण्या, रंगीत डोक्यांच्या,
दर मिनिटाला घंटी, की पुढे सरकायचं.
रांगेत उभी असताना ती हसली.
"तिथे मांस सरकतं, आम्ही उभे.
इथे मांस उभं, आम्ही सरकतो."

सतराव्या टाचणीखाली तेच पांढरे तंतू.
नाव लिहा, असा प्रश्न.
तिनं लिहिलं होतं:
जे मागे फिरू देत नाही, ते.

स्पेलिंग चुकलं तर अर्धा गुण,
नाव नसेल तर शून्य. नियम माझाच.
उद्या ही वॉर्डात उभी राहील,
डॉक्टर नाव उच्चारतील, ते हिला कळायला हवं,
असं मीच पहिल्या दिवशी बजावलेलं.
शून्य काढलं.
पेनचं टोक त्या शून्यात टेकवून
बराच वेळ बसलो. शाई पसरली.
कोट घालूनच घरात गेलो त्या रात्री.
बायको ओरडली.

पुढच्या मंगळवारी उबाल्दीना आली
मनगटाला पट्टा बांधून, वहीचं कोरं पान काढून.
"सतरावं," म्हणाली, "एकेक अक्षर सांगा."
सांगत गेलो. ती डाव्या हातानं लिहीत गेली,
जीभ दातांत धरून.
अक्षर तरीही
वेस्लीपेक्षा बरं.